घरातले कोळी आणि सासूबाईंच्या कमरेवरचे फोड

पत्राचा सारांश: इंदूरच्या एका जुन्या वस्तीत, सासऱ्यांनी बांधलेल्या घरात राहणाऱ्या एका भगिनीचे हे पत्र आहे. घरात त्या, त्यांचे यजमान, अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई आणि दीड वर्षाचा मुलगा अशी चार माणसे आहेत. पावसाळा सुरू झाल्यापासून घरात कोळी फार दिसू लागले आहेत. न्हाणीघराच्या भिंतीवर तळहाताएवढा, तपकिरी, चपटा कोळी दिसतो आणि कोठीघरातील जळमटे कितीही काढली तरी आठवड्याभरात पुन्हा होतात. अशातच सासूबाईंच्या कमरेवर उजव्या बाजूला पाणी भरलेल्या फोडांचा पट्टा उठला आणि त्या जागेची आग होऊ लागली. ‘कोळी मुतला’ असे सासूबाई म्हणतात, ‘मकड़ी मल गई’ असे शेजारणी म्हणतात, आणि त्यावर अमचुराचा लेप सुरू झाला. कोळी चावताच तासाभरात माणूस दगावतो, असे सांगणारा एक व्हिडिओही नातेवाइकांकडून मोबाइलवर आला. यजमानांनी दर महिन्याला संपूर्ण घरात औषध फवारून घ्यायचे ठरवले असून कोठीघरासाठी गव्हात घालायच्या सल्फासच्या गोळ्याही आणून ठेवल्या आहेत. चातुर्मासात घरात जीवहत्या नको, असा सासूबाईंचा आग्रह आहे. घर अस्वच्छ असल्यामुळेच कोळी होतात, असे शेजारीण बोलली, तेही या भगिनींच्या मनाला लागले आहे. विषारी कोळी ओळखावा कसा, फवारणी करावी का, की हे घर सोडून फ्लॅटमध्ये राहायला जावे, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर:

तुमचे पत्र हाती आले, तेव्हा या सदराच्या पाळीची वाट न पाहता मी तुम्हाला दोन गोष्टी लगेच कळवल्या होत्या. सासूबाईंना त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञांकडे न्यावे, आणि सल्फासच्या डब्याचे झाकण कोणीही उघडू नये. सासूबाईंना नागीण झाल्याचे निदान डॉक्टरांनी केले आणि औषध सुरू झाले, हे तुम्ही दुसऱ्या दिवशी कळवलेत. आता बाकीच्या प्रश्नांचा शांतपणे विचार करता येईल. तरीही मी सुरुवात फोडांपासूनच करणार आहे, कारण कोळ्याच्या नावाखाली दुसराच आजार अंगावर काढणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि कोळ्यांमुळे होणारे बहुतेक नुकसान माझ्या मते याच वाटेने होते.

लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून पूर्णपणे जात नाही, तो मज्जातंतूंच्या मुळाशी निपचित पडून राहतो, आणि उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने पुन्हा वर येतो. म्हणूनच नागिणीचे फोड बहुधा शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे उठतात आणि अनेकदा ते दिसण्यापूर्वी एक-दोन दिवस त्या जागी ठणका किंवा जळजळ होते. या आजारावर विषाणूरोधक गोळ्या आहेत, परंतु पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत त्या सुरू झाल्या तर त्यांचा लाभ सर्वांत अधिक होतो. हे तास लेपात गेले, तर विशेषतः वयस्क माणसांमध्ये फोड सुकल्यानंतरही ठणका कित्येक महिने मागे राहू शकतो. नागिणीची दोन तोंडे जुळली की माणूस दगावतो, ही समजूत खरी नाही. परंतु फोड डोळ्याजवळ, कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर उठले, तर दृष्टीला धोका असतो आणि तेव्हा एक रात्रही थांबू नये.

तुमच्या घरात दीड वर्षाचे मूल आहे, म्हणून आणखी एक गोष्ट. नागिणीच्या फोडांतील पाण्याचा स्पर्श झाल्यास, ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि ज्याने लसही घेतलेली नाही, त्याला कांजिण्या होऊ शकतात. कांजिण्यांची लस सरकारी मोफत लसीकरणात नसते, बालरोगतज्ज्ञ ती साधारणपणे पंधरा महिन्यांनंतर देतात, त्यामुळे मुलाचे लसीकरणाचे कार्ड एकदा काढून पाहा आणि फोडांवर खपल्या धरेपर्यंत ते कापडाने झाकलेले राहू द्या. नातवाला आजीपासून पूर्णपणे दूर ठेवण्याची गरज नाही.

पावसाळ्यात ‘कोळी मुतला’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या फोडांचे दुसरे मोठे कारण म्हणजे एक लहान किडा. मुंगीसारखा लांबट, काळ्या आणि नारिंगी पट्ट्यांचा हा किडा रात्री ट्यूबलाइटकडे आकर्षित होतो, झोपेत अंगाखाली किंवा मानेवर चिरडला जातो, आणि त्याच्या अंगातील दाहक द्रव्यामुळे दुसऱ्या दिवशी कातडीवर ओरखड्यासारखी लांबट, जळजळणारी लाल रेघ व त्यावर फोड उठतात. तो अंगावर बसलेला दिसला तर चिरडू नये, फुंकर मारून उडवावा आणि ती जागा साबणाने धुवावी. कोळ्याच्या विष्ठेत मात्र कातडीवर फोड आणणारे काही नसते. तुमच्या सासूबाईंची वेदना खरी होती, फक्त तिचे कारण दुसरे होते, एवढेच त्यांना सांगा. पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली गोष्ट त्यांनी खरी मानली, यासाठी त्यांना घरात कोणी बोल लावू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विषारी कोळी ओळखावा कसा, असे तुम्ही विचारता, तेव्हा काही कोळी विषारी आणि बाकीचे बिनविषारी, असे तुम्ही गृहीत धरलेले दिसते. वस्तुतः जगात कोळ्यांच्या पन्नास हजारांहून अधिक जातींची नोंद झालेली आहे आणि त्यांतील फार थोड्या सोडल्या, तर सर्वांना विषग्रंथी असतात. हे विष माशी, डास, झुरळ यांना बधिर करण्यासाठी असते. बहुतेक कोळ्यांचे दात माणसाच्या कातडीत पुरेसे शिरत नाहीत, शिरले तरी विषाची मात्रा इतकी अल्प असते की गांधीलमाशीच्या डंखापेक्षा अधिक त्रास सहसा होत नाही. माणसाला खरोखर आजारी पाडू शकणारे कोळी मोजक्याच कुळांतले आहेत, आणि ते घरात असले तरी माणसाला चावतीलच असेही नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एका कुटुंबाच्या घरातून सहा महिन्यांत २,०५५ रेक्लूज कोळी गोळा करण्यात आले होते. रेक्लूज हा तेथील सर्वांत बदनाम कोळी आहे, त्याच्या दंशाने कातडीचा भाग सडू शकतो. त्या घरात चार माणसांचे कुटुंब कित्येक वर्षे राहत होते आणि त्यांच्यापैकी कोणालाही एकही दंश झालेला नव्हता. हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि घरात कोळी दिसला म्हणून घाबरलेल्या प्रत्येकाला तो सांगावा असे मला वाटते.

तुम्ही वर्णन केलेला न्हाणीघरातला तळहाताएवढा, चपटा, तपकिरी कोळी बहुधा हंट्समन आहे. त्याच्या पायांचा पसारा दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत जातो, तो सावजासाठी जाळे विणत नाही, रात्री फिरून झुरळे पकडतो, आणि मादी पोटाखाली पांढरी, चपटी, नाण्यासारखी अंड्यांची पिशवी घेऊन हिंडते. हातात धरून दाबला तर तो चावतो आणि दुखते, पण माणूस दिसताच पळून जाणे हाच त्याचा स्वभाव आहे. कोठीघरातली जळमटे बारीक, लांब पायांच्या कोळ्यांची आहेत, त्यांना डिवचले की ते जाळ्यासकट थरथरतात. त्यांचे विष जगात सर्वांत जहाल असते पण दात आखूड असल्याने ते चावू शकत नाहीत, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते, त्याला काहीही आधार नाही. भिंतीवर टुणटुण उडी मारणारे, समोर दोन मोठे डोळे असलेले लहान करडे कोळी तर माश्या आणि डास टिपत असतात.

जपायचे ते विडो नावाच्या कोळ्याला. भारतात या गटातील काही जातींची नोंद आहे. मादीचे पोट वाटाण्यासारखे गोल आणि चकचकीत, काळे किंवा तपकिरी असते, त्यावर बहुधा लाल किंवा नारिंगी खूण असते, आणि तिचे वेडेवाकडे, चिवट जाळे जमिनीलगत, दगडांच्या ढिगात, पडीक सामानाच्या खाली आढळते. राहत्या खोलीच्या भिंतीवर ती सहसा दिसत नाही, आणि चावते ती बहुतेक वेळा हाताखाली किंवा कपड्यात दाबली गेल्यावरच. तिचे विष मज्जातंतूंवर परिणाम करते, त्यामुळे दंशानंतर वेदना वाढत जाते, घाम फुटतो, पोटात आणि पाठीत पेटके येतात. याखेरीज मुरमाड जमिनीत बिळे करणारे मोठे केसाळ कोळी पावसाळ्यात कधीकधी अंगणापर्यंत येतात. त्यांना हात लावू नये, एवढे पुरे.

मोबाइलवरच्या व्हिडिओबद्दल. जीवघेण्या कोळ्यांच्या पुष्कळशा गोष्टी ऑस्ट्रेलियातल्या असतात. सिडनीच्या परिसरातील फनेल-वेब कोळ्याचा दंश खरोखर प्राणघातक ठरू शकतो, परंतु १९८१ मध्ये त्यावर प्रतिविष उपलब्ध झाले आणि त्यानंतर तेथे त्याच्या दंशाने मृत्यू झाल्याची नोंद नाही. तो कोळी भारतात नाही. आपल्याकडे २०१२ मध्ये आसाममधील सदिया येथे कोळ्यांच्या दंशाने मोठी घबराट पसरली होती आणि दोन मृत्यूंच्या बातम्या आल्या होत्या. मृत्यूचे कारण मात्र सिद्ध झाले नाही, आणि दंश झालेल्या लोकांना आधी वैदूकडे नेऊन ब्लेडने चिरे पाडले गेल्याचे त्याच बातम्यांत होते. चिरा देऊन रक्त वाहू देण्याचा उपाय कोळ्याच्या दंशापेक्षा कितीतरी अधिक घातक आहे.

यजमानांची काळजी मला पूर्णपणे समजते, घरात रांगते-चालते मूल आहे. परंतु त्यांनी निवडलेल्या उपायाने मूलच अधिक धोक्यात येते, हे त्यांनी लक्षात घ्यावे. सल्फासच्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याशी संयोग होताच त्यांतून फॉस्फिन वायू निघतो, तो दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो, आणि त्याच्यावर उतारा नाही. माळव्यात वर्षाचे गहू एकदम भरून ठेवण्याची पद्धत असल्यामुळे या गोळ्या घरोघरी सहज आणल्या जातात, पण त्या प्रशिक्षित माणसांनी देखरेखीखाली गोदामात वापरण्यासाठी आहेत, राहत्या घरासाठी नाहीत, आणि अशा गोळ्यांमुळे शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसांचे प्राण गेल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. डबा न उघडता, पाणी लागू न देता, दुकानदाराला परत करा. केरात टाकू नका, नाल्यात टाकू नका. गव्हासाठी चांगले ऊन, कोरडी कोठी आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला हा जुना उपाय पुरेसा आहे.

दर महिन्याच्या फवारणीबाबत माझे मत स्पष्ट आहे: ती करू नये. फवारलेले औषध भिंतीवर आणि फरशीवर राहते, मूल फरशीवर हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. कोळ्याला मात्र त्याचा परिणाम कमीच होतो, कारण तो पायांच्या टोकांवर चालतो आणि त्याचे अंग भिंतीला फारसे लागत नाही. कोळी घरात येतो तो खाद्यासाठी, म्हणून झुरळे, डास आणि दिव्याभोवतीचे किडे कमी केले की कोळी आपोआप कमी होतात. झुरळांचा खरोखर उपद्रव असेल, तर स्वयंपाकघराच्या फटीत, मुलाचा हात पोचणार नाही तेथे, ठिपक्याएवढे लावायचे जेल वापरा. कीटकनाशकवाल्याला बोलावलेच, तर औषधाचे नाव कागदावर लिहून मागा आणि ‘डायक्लोरव्हॉस’ हे नाव दिसले तर नकार द्या, कारण २०२० च्या अखेरीपासून त्यावर देशात बंदी आहे.

सासूबाईंचा जीवहत्या न करण्याचा आग्रह आणि यजमानांची सुरक्षिततेची इच्छा या दोन्ही गोष्टी एकाच उपायाने साधतात. भिंतीवरच्या कोळ्यावर रुंद तोंडाची पारदर्शक बरणी हलकेच पालथी घाला, बरणी आणि भिंत यांच्यामध्ये जाड पुठ्ठा सरकवा, आणि तो बाहेर झाडाखाली सोडा. हे काम यजमानांनीच करावे, असे सुचवेन. दोन-तीनदा केले की भीती पुष्कळ ओसरते. मूल झोपते त्या खोलीत एकही कोळी ठेवू नये, कोठीघरातली जळमटे आठवड्याला कुंच्याने काढावीत, त्याहून अधिक मागे लागू नये. बाहेरच्या ओसरीवर पांढऱ्याऐवजी पिवळा मंद दिवा लावला तर किडे बरेच कमी येतात. न्हाणीघराच्या मोरीला बारीक जाळी, दाराच्या खालच्या फटीला रबरी पट्टी, गच्चीवर आणि मागच्या अंगणात साठलेल्या जुन्या विटा, कुंड्या, लाकडे यांची हातमोजे घालून आवराआवर, एवढे पावसाळ्यापूर्वी दरवर्षी करावे. शेजारणीच्या बोलण्याचे मनाला लावून घेऊ नका. २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या या शहरात घराच्या नीटनेटकेपणाची चर्चा जरा जास्तच होते, पण कोळी लख्ख पुसलेल्या घरातही येतात.

या आवराआवरीचे खरे मोल मला कोळ्यांपेक्षा विंचू आणि साप यांच्यासाठी वाटते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० मृत्यू झाल्याचा संशोधकांचा अंदाज आहे आणि अधिक मृत्यू होणाऱ्या राज्यांत मध्य प्रदेश आहे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, तेव्हा वेदना जवळजवळ होत नाही आणि खूणही धड दिसत नाही. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण घालू नये, मुलाच्या पलंगाला मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली खोचाव्यात, आणि पलंग भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा. लाल विंचवाचा दंश लहान मुलाच्या हृदयावर परिणाम करतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून हे रुग्ण मोठ्या प्रमाणात वाचू लागले, आणि त्या कामासाठी त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र औषध मिळण्यासाठी मूल वेळेत रुग्णालयात पोचले पाहिजे. बूट, रेनकोट आणि दोरीवरचे कपडे झटकून घालण्याची सवय घरातल्या सर्वांना लावा.

कोळी चावलाच, तर जागा साबणाने धुवा, कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवा, त्या हातातल्या बांगड्या-अंगठ्या काढा. चिरा, पट्टी आवळणे, चुना, लेप यांतले काहीही करू नका. शक्य झाल्यास कोळ्याचा फोटो घ्या. वेदना पसरू लागली, घाम, उलटी, पेटके, श्वासाचा त्रास किंवा ताप आला, लालसरपणा वाढत गेला वा कातडी काळी पडू लागली, किंवा चावलेली व्यक्ती लहान मूल, गर्भवती वा वृद्ध असेल, तर १०८ ला फोन करून एम. वाय. रुग्णालय किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठा. तेथे सापाच्या प्रतिविषाचा आग्रह धरू नका. ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी असते, कोळ्यावर त्याचा उपयोग नाही. मात्र कोणीही कोळी पाहिलेला नसेल आणि रात्री झोपेतून उठल्यावर पोटात कळा, पापण्या जड होणे किंवा गिळायला त्रास असे काही दिसले, तर कोळ्याचा विचार सोडून सर्पदंश समजूनच निघा. काही संशयास्पद पोटात गेले किंवा फवारणीचा त्रास झाला, तर दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर दिवसरात्र मार्गदर्शन करते.

फ्लॅटविषयी थोडक्यात. कोळी वरच्या मजल्यांवरही पोचतात, त्यांची पिल्ले स्वतःच्या धाग्यावर तरंगत वाऱ्याबरोबर दूरवर जातात. तुम्हाला लिफ्ट हवी असेल, सासूबाईंना जिना झेपत नसेल, घराची डागडुजी परवडत नसेल, तर घर बदलण्याचा विचार जरूर करा आणि त्यात सासूबाईंचे मत आधी विचारा, कारण ते घर त्यांच्या यजमानांनी बांधलेले आहे. कोळ्यांसाठी म्हणून ते सोडण्याचे कारण मला तुमच्या पत्रात दिसले नाही.